जुन्या वाद्यांना बोलते करणारे डॉलमेच

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र असते. जिजाऊसाहेब झाल्या, अहल्याबाई झाल्या, सावित्रीबाई आणि आनंदीबाई जोशीही होऊन गेल्या. यंदा ते पान तुम्ही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणाल तर वाण्याची यादी आणि भजनाची वही. पण वर्षभर एका माणसाचे चरित्र माझ्या मनात घोळत होते. ते गृहस्थ आपल्या देशाचे नव्हेत, आपल्या धर्माचे नव्हेत, आणि त्यांना जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. तरीही आपल्या मंडळाला त्यांच्याकडून काही घेता येईल असे वाटले, म्हणून हे धाडस. चुकले-माकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

हे नाव मला कसे कळले ते आधी सांगते. माझ्या धाकट्या नणंदेची मुलगी इंग्लंडात इस्पितळात नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात ती आठ दिवसांची रजा काढून रेकॉर्डर शिकायला गेली. रेकॉर्डर म्हटल्यावर मला आपले आवाज टिपून घेणारे यंत्रच वाटले. ते शिकायला रजा कशाला, असे मी विचारलेसुद्धा! मग तिने हसत हसत फोनवर वाजवून दाखविले. ती एक लाकडाची उभी बासरी आहे. तोंडाशी शिट्टीसारखी फट, पुढे सात भोके, मागे अंगठ्याला एक. चारशे वर्षांपूर्वी युरोपात घरोघर वाजत असे, पुढे दीडशे वर्षे तिचे नावही कोणी घेईना. ती पुन्हा माणसांच्या हातात कोणी दिली असे मी विचारले, तेव्हा तिने डॉलमेच हे नाव सांगितले. नंतर दर रविवारी ती मला त्यांच्या चरित्रातले थोडे थोडे मराठीत सांगत गेली आणि मी वहीत टिपत गेले.

मला ते इतके मनाला का लागले, त्यालाही कारण आहे. गेल्या चैत्रात आपल्या भजनाच्या तालमी चालू होत्या. पेटी माझ्याकडे. आपल्यात एक वयस्क काकू आहेत, त्यांचा स्वर वर गेला की उतरतो आणि टाळ जरा मागे पडतो. स्पर्धा तोंडावर आली होती. मी सगळ्यांदेखत त्यांना म्हटले, की काकू, आता तुम्ही मागे बसून नुसते ऐका. त्या काही बोलल्या नाहीत. टाळ पदराने पुसले, पिशवीत घातले आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या. पुढच्या मंगळवारपासून मात्र आल्या नाहीत. स्पर्धेत आपल्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, ते मंडळाच्या कपाटात आहे. असो. आता चरित्राकडे वळते.

आर्नोल्ड डॉलमेच यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८५८ रोजी फ्रान्स देशातील ल मान या गावी झाला. घराण्यात वाद्ये बनविण्याचा धंदा. आजोळी ऑर्गन बांधीत, वडील पियानो करीत. आपल्या मिरजेत सतारमेकरांची मुले जशी भोपळ्यांच्या आणि लाकडाच्या भुशात खेळत मोठी होतात, तसेच हे बाळ पियानोच्या कारखान्यात वाढले. रंधा कसा धरावा, सरस किती गरम करावा, तार कुठपर्यंत ताणावी, हे त्यांना कोणी शाळेत शिकविले नाही. ते हातांनाच कळत गेले. पुढे त्यांच्या हातून जे मोठे काम झाले त्याचे मूळ या कारखान्यात आहे असे मला वाटते. नुसता गवई असता तर त्याला वाद्य करता आले नसते, आणि नुसता सुतार असता तर कशासाठी करायचे ते कळले नसते.

तरुणपणी त्यांचे वागणे मात्र वडीलधाऱ्यांना आवडण्यासारखे नव्हते. आपल्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका विधवा बाईंबरोबर ते घर सोडून गेले आणि त्यांच्याशी लग्न केले. पुढे ते मोडले. दुसरे झाले, तेही मोडले. १९०३ साली मेबेल जॉन्स्टन या आपल्या शिष्येशी त्यांनी तिसरे लग्न केले, ते मात्र अखेरपर्यंत टिकले. पहिल्या लग्नाची मुलगी एलेन लहानपणीच वडिलांबरोबर मैफलीत बसून वाजवी आणि लोक तिचे कौतुक करीत. पुढे बापलेकीत दुरावा आला आणि ती वेगळी झाली. चरित्र लिहिताना अशा गोष्टी झाकून ठेवायची पद्धत आहे. पण घरातल्या बायकांनी काय सोसले ते गाळून नुसते मोठेपण सांगणे मला बरे वाटत नाही. स्वभाव तापट होता, हट्टी होता, आणि पैसा हातात टिकत नसे, हेही सांगून टाकते.

व्हायोलिन शिकण्यासाठी डॉलमेच बेल्जममधील ब्रसेल्सच्या संगीत विद्यालयात गेले. तेथे व्ह्यूताँ नावाच्या त्या काळच्या नामांकित वादकाची तालीम त्यांना मिळाली. त्याच विद्यालयात जुन्या वाद्यांचे मोठे संग्रहालय होते, आणि तेथे एकदा जुन्या वाद्यांची मैफल त्यांच्या कानी पडली. मग १८८३ साली ते लंडनला आले. तेथे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक ही संस्था त्याच वर्षी उघडली होती, तिच्यात त्यांनी नाव घातले. १८८५ पासून लंडनजवळच्या डलिच कॉलेज या शाळेत ते मुलांना व्हायोलिन शिकवू लागले. पगारी मास्तर म्हणून आयुष्य गेले असते. पण तसे व्हायचे नव्हते.

१८८९ च्या सुमारास ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात एका जुन्या वाद्यासाठी रचना शोधायला गेले. शोधता शोधता त्यांच्या हाती हस्तलिखितांचा ढीगच लागला. सोळाव्या आणि सतराव्या शतकातल्या इंग्रज रचनाकारांनी व्हायोल या वाद्यासाठी लिहिलेले ते संगीत होते. दोनशे वर्षे त्याला कोणी हात लावला नव्हता म्हटले तरी चालेल. ज्यांचे ते संगीत, त्या इंग्रजांनाच त्याची आठवण राहिली नव्हती.

व्हायोल म्हणजे काय ते थोडे सांगते. दिसायला व्हायोलिनसारखे, पण खांद्यावर घेत नाहीत, दोन्ही गुडघ्यांत उभे धरतात. लहान असो वा मोठे, धरायची तऱ्हा तीच. तारा सहा. मानेवर आतड्याच्या तातीचे पडदे बांधलेले असतात, सतारीला पितळेचे असतात तसे, आणि ते सरकवता येतात. आवाज बारीक आणि गोड. मोठ्या दिवाणखान्यापलीकडे तो जातच नाही. त्या काळी इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांत एक लांबट पेटी असे आणि तिच्यात लहान, मध्यम आणि मोठे असे जोडीजोडीने सहा व्हायोल ठेवलेले असत. रात्रीचे जेवण झाले की पेटी उघडायची, घरच्यांनी आणि पाहुण्यांनी एकेक वाद्य घ्यायचे, आणि सर्वांनी मिळून वाजवायचे. ऐकायला कोणी नसले तरी अडत नसे. बर्ड, गिबन्स, जेन्किन्स या रचनाकारांचे पुष्कळसे काम अशाच वाजवणाऱ्यांसाठी झालेले. त्यात एक मुख्य आणि बाकीचे साथीला असा प्रकार नाही. एकाने काढलेली ओळ दुसरा उचलतो, दुसऱ्याची तिसरा, आणि लहान-मोठ्या सर्वांना बोलायची पाळी येते.

डॉलमेचनी त्या वह्या हाताने उतरून घेतल्या. पण वाजवायच्या कशावर? जुनी वाद्ये दुकानांत मोडक्या लाकडाच्या भावाने पडलेली होती. त्यांनी ती आणली, दुरुस्त केली आणि नादी लागलेल्या लोकांना शिकविली. दुरुस्त करता करता ती आतून कशी बांधली आहेत ते कळले, तेव्हा नवी करायला घेतली. १८९३ साली ल्यूट केली. ती आपल्या वीणेच्या दूरच्या बहिणीसारखी, अर्ध्या भोपळ्याच्या आकाराची. १८९४ साली क्लॅव्हिकॉर्ड केला. पेटीसारख्या पट्ट्यांचे हे वाद्य इतके हळू वाजते, की शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जाणार नाही. मग हार्पसिकॉर्ड केला. पियानोत हातोडी तारेवर पडते, आपल्या संतूरची काडी पडते तशी. हार्पसिकॉर्डमध्ये पक्ष्याच्या पिसाची काडी तार छेडते, सतारीची नखी छेडते तशी. माझ्या भाचीने इतके सांगितले तेव्हा दोहोंतला फरक मला लगेच समजला.

त्या वेळी लंडनमध्ये विल्यम मॉरिस नावाचे कवी आणि कारागीर होते. यंत्राने सारखा माल काढण्यापेक्षा माणसाने हाताने सुंदर वस्तू करावी असा त्यांचा आग्रह. त्यांच्या मंडळींच्या १८९६ सालच्या प्रदर्शनात डॉलमेच यांचा हार्पसिकॉर्ड ठेवला होता. त्याला हिरवा रंग होता आणि त्यावरची चित्रे हेलन कूम या चित्रकार बाईंनी काढली होती. त्याच साली मॉरिस अंथरुणाला खिळले. डॉलमेच आपले छोटे वाद्य घेऊन त्यांच्या घरी गेले आणि उशापायथ्याशी बसून जुने इंग्रजी संगीत त्यांनी वाजविले. मॉरिस यांचे डोळे भरून आले. थोड्याच दिवसांत, ३ ऑक्टोबर १८९६ रोजी, ते वारले. जाणाऱ्या माणसापाशी हळू आवाजातच वाजवावे लागते. आपल्याकडेही अशा वेळी कोणी मोठ्याने टाळ कुटीत नाही.

लंडनमध्ये ते आपल्या घरी मेणबत्त्यांच्या उजेडात मैफली करीत. मखमलीचा जुन्या तऱ्हेचा पोशाख करीत. चण लहान, केस आणि दाढी वाढलेली. काही लोक हसत, काही लोक पुनःपुन्हा येत. बर्नार्ड शॉ त्या वेळी वर्तमानपत्रात संगीतावर लिहीत असत, त्यांनी या मैफलींची बाजू घेतली. पण कौतुकाने घर चालत नाही. १९०५ साली अमेरिकेत बोस्टनच्या चिकरिंग या पियानोच्या कंपनीने त्यांना बोलावून जुन्या वाद्यांचा एक विभाग काढून दिला. तेथे त्यांचे बरे दिवस गेले. कंपनीला वाईट काळ आला तेव्हा १९११ साली ते पॅरिसला गाव्हो या कंपनीत आले, आणि १९१४ साली पुन्हा लंडनला परतले. मेबेलबाईंना आता सेसिल, नाताली, रुडॉल्फ आणि कार्ल अशी चार मुले झाली होती. रुडॉल्फ अमेरिकेत जन्मला, कार्ल फ्रान्समध्ये. दर चार-पाच वर्षांनी बिऱ्हाड उचलायचे आणि सामानात भांड्यांपेक्षा वाद्ये जास्त! ज्या बाईने हे केले तिला माझा नमस्कार.

१९१५ साली डॉलमेच यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सतराव्या आणि अठराव्या शतकातले संगीत त्या काळचे लोक कसे वाजवीत, हे त्यांनी जुन्या पुस्तकांतून शोधून त्यात मांडले. लिहिलेल्या स्वरांत सगळे येत नाही. कोठे थांबायचे, कोठे मुरकी घ्यायची, कोणता स्वर जरा लांबवायचा, हे कागदावर नसते. आपल्याकडे ते गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरत आले. तिकडे मधली माणसेच निघून गेली होती. गुरू मेलेला, शिष्य जन्मलेला नाही, आणि वही तेवढी उरली, अशी ती अवस्था. ती तुटलेली कडी त्यांनी पुस्तकांतून जोडण्याचा यत्न केला.

पहिल्या महायुद्धात लंडनवर बाँब पडू लागले, म्हणून १९१७ साली हे कुटुंब हेझलमिअर या लहान गावी राहायला गेले. घराचे नाव जेसिस. हे गाव लंडनपासून आगगाडीच्या वाटेवर आहे. येथेच त्यांचा कायमचा मुक्काम झाला आणि येथेच कारखाना निघाला.

आता रेकॉर्डरची गोष्ट. १९०५ साली एका लिलावात डॉलमेचनी जुना रेकॉर्डर घेतला होता. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये ब्रेसाँ नावाचा नामी कारागीर होता, त्याच्या हातचा. ३० एप्रिल १९१९ रोजी मंडळी लंडनहून कार्यक्रम करून परतत होती. वॉटर्लू स्टेशनवर गाडी गाठायची घाई. ज्या पिशवीत तो रेकॉर्डर होता ती कार्लकडे दिली होती. कार्ल सात वर्षांचा. गाडी सुटली आणि पिशवी फलाटावर राहिली! पुन्हा चौकशी केली तरी सापडली नाही.

आई म्हणून मी या ठिकाणी नेहमी थांबते. सात वर्षांचे पोर, बापाचा राग माहीत असलेले, आणि हातात पिशवी नाही. त्या दिवशी घरात काय बोलणे झाले ते मी सांगू शकत नाही. पुढे काय घडले ते मात्र सांगते. डॉलमेचनी त्या रेकॉर्डरची मापे पूर्वी घेऊन ठेवली होती. ती समोर ठेवून त्यांनी लाकूड घेतले आणि स्वतः रेकॉर्डर करायला बसले. आतली पोकळी केसभर कमी-जास्त झाली तरी सूर बिघडतो. किती तुकडे वाया गेले असतील कोणास ठाऊक, पण अखेर वाद्य बोलू लागले. एक हरवला नसता तर दुसरा केलाच नसता. १९२६ साली लहान-मोठे रेकॉर्डर मिळून त्यांच्या उत्सवात वाजले. आणि ज्या मुलाच्या हातून पिशवी राहिली, तो कार्ल मोठेपणी रेकॉर्डरचा सर्वांत नावाजलेला वादक झाला. हरवलेला रेकॉर्डरही काही वर्षांनी लंडनमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला आणि घरी परत आला.

उत्सव म्हणते तो हेझलमिअरचा. १९२५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, डॉलमेचनी तो सुरू केला. गावातल्या सभागृहात दोन आठवडे जुने संगीत. वाजवायला कोण? स्वतः ते, मेबेलबाई, चारी मुले, शिष्य, शिष्यांचे मित्र आणि कारखान्यातले काही कारागीर. दिवसा ज्याने वाद्याला सरस लावला तोच संध्याकाळी ते घेऊन बसे. मेबेलबाई मोठा व्हायोल वाजवीत आणि जुन्या दरबारी नाचांचा अभ्यास करून ते शिकवीत. पुढे त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला. १९२८ साली या कामाला मदत म्हणून डॉलमेच फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली.

उन्हाळा आला की गावात शिकाऊ मंडळींची रीघ लागे. सुझान ब्लॉक नावाच्या बाई अमेरिकेहून ल्यूट शिकायला आल्या. मार्को पॅलिस नावाचे एक शिष्य होते, मूळचे ग्रीक घराण्यातले, लिव्हरपूलचे. ते व्हायोल वाजवीत आणि पर्वत चढत. १९३३ साली ते आपल्या गंगोत्रीच्या हिमालयात येऊन गेले आणि पुढे तिबेटी लोकांच्या धर्माचा अभ्यास करून त्यांनी प्रसिद्ध पुस्तक लिहिले. आपल्यातल्या ज्या भगिनी चारधाम करून आल्या आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे, की त्या वाटेने व्हायोल वाजवणारा एक साहेबही गेला आहे.

पण या उत्सवातले वाजविणे नेहमी चांगले होई असे नाही. हे मला भाचीने मुद्दाम सांगितले. आतड्याच्या तारा हवेने उतरत. तालीम पुरी झालेली नसे. कधी डॉलमेच मध्येच सर्वांना थांबवीत आणि पहिल्यापासून सुरू करीत. लंडनचे टीकाकार म्हणत, की हे हौशी लोकांचे काम आहे, यात सफाई नाही. टीका खोटी नव्हती. पुढच्या पिढीत हेच संगीत फार सफाईने वाजविणारे लोक झाले, हेही खरे. पण ते कोठून झाले? ज्यांना पुरते येत नव्हते त्यांनी आधी वाजविले म्हणून झाले. सगळ्यांना चांगले येईल तेव्हाच वाजवू, असे हेझलमिअरने म्हटले असते तर त्या वह्या आजही ग्रंथालयात पडून राहिल्या असत्या.

अखेरच्या वर्षांत मान मिळाला. १९३७ साली इंग्लंडच्या सरकारने निवृत्तिवेतन दिले. १९३८ साली फ्रान्सने आपला मोठा किताब दिला. १९३९ साली डरहॅमच्या विद्यापीठाने डॉक्टर ही पदवी दिली. २८ फेब्रुवारी १९४० रोजी, दुसरे महायुद्ध चालू असता, वयाच्या ८२ व्या वर्षी हेझलमिअर येथे त्यांनी देह ठेवला. त्यानंतरचे एक दुःख त्यांना पाहावे लागले नाही. हार्पसिकॉर्डवर ज्याचा हात विलक्षण चालत असे तो मुलगा रुडॉल्फ १९४२ च्या डिसेंबरात लढाईत बोट बुडाली तेव्हा गेला. मेबेलबाईंनी ते पाहिले आणि पुढे १९६३ पर्यंत जगल्या.

काम थांबले नाही. १९३७ सालीच कार्ल आणि त्यांच्या मित्रांनी रेकॉर्डर वाजवणाऱ्यांची एक संस्था काढली होती. गावोगाव तिच्या शाखा झाल्या आणि हौशी माणसे महिन्याला एकत्र बसून वाजवू लागली. नाताली १९४८ साली निघालेल्या व्हायोल वादकांच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. महायुद्धानंतर कार्ल यांच्या कारखान्याने लाकडाऐवजी बेकेलाइटचे स्वस्त रेकॉर्डर काढले, आणि ज्या वाद्याला म्युझियममध्ये धूळ खात पडायचे होते ते शाळेतल्या पोरांच्या दप्तरात गेले.

आता माझ्या भाचीच्या आठ दिवसांविषयी. अशी उन्हाळी शिबिरे तिकडे अनेक ठिकाणी भरतात. शाळा-कॉलेजांना सुट्टी असते, वसतिगृहे रिकामी असतात, तेथे राहायचे. येणारे सगळे पोटापाण्याला दुसरेच काही करणारे. कोणी नर्स, कोणी निवृत्त मास्तर, कोणी हिशेबनीस, कोणी नातवंडे सांभाळणाऱ्या आजी. सकाळी येण्याप्रमाणे गट पाडतात. कोणाला काय येते ते विचारतात, आणि जेवढे येते तेवढ्याची जागा शोधून देतात. बोटे भरभर चालत नाहीत त्याला मोठा रेकॉर्डर देतात. त्याचे स्वर खालचे आणि लांब असतात, पण तो थांबला तर वरचे सारे लटकते. दुपारी नवा कागद समोर ठेवून तेथल्या तेथे वाचून वाजवायचे. कोणी हरवला तर शेजारचा ओळीवर बोट ठेवतो, कोणी हसत नाही. रात्री जेवण झाल्यावर ज्यांना झोप येत नाही ते कोपऱ्यात बसून आणखी एक, आणखी एक म्हणत वाजवीत राहतात. एक आजी पंचवीस वर्षे येत आहेत. त्यांची बोटे आता संधिवाताने वळत नाहीत, म्हणून त्या ओळीतले सोपे तेवढे स्वर वाजवितात आणि बाकीच्या वेळी मान डोलावितात. त्यांना मागे जाऊन बसा असे कोणी सांगितले का, असे मी भाचीला विचारले. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

त्या रविवारी मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याशी उभी राहिले.

आपण मिरजेत राहतो. येथली सतार आणि तंबोरा देशभर जातो, २०२४ साली सरकारने त्यांना मानांकनही दिले. उरुसात दर्ग्यात मोठमोठे गवई येऊन सेवा करतात. अशा गावात राहून आपला कान तयार होतो, आणि कान तयार झाला की दुसऱ्याचे उणे लवकर ऐकू येते. माझे तसेच झाले. पेटी माझ्या हाती होती म्हणजे भजन माझे झाले असे मी समजले. पण आपले मंडळ निघाले ते स्पर्धेसाठी नव्हते. बायकांनी आठवड्यातून दोन तास घराबाहेर एकत्र बसावे म्हणून निघाले. जुन्या लाकडातून सूर काढण्यासाठी डॉलमेच यांनी जन्म घालविला, आणि मी एका जिवंत माणसाचा सूर बंद केला.

श्रावणात मी काकूंच्या घरी गेले. त्यांनी पाट दिला, चहा केला. गुडघे दुखतात म्हणून येत नाही, असे म्हणाल्या. गुडघे दुखत असतील, पण खरे कारण आम्हा दोघींनाही ठाऊक होते. मी माझी चूक सांगितली. त्यांनी विषय बदलला आणि माझ्या मुलाच्या परीक्षेचे विचारले. निघताना पाहिले, टाळ देवघराशेजारी खुंटीला होते आणि त्यांची दोरी नवी होती.

या वर्धापनदिनाच्या भजनात पुढच्या ओळीत, पेटीच्या डाव्या बाजूस, एक जागा मी मोकळी ठेवणार आहे. येणे न येणे काकूंच्या हातात आहे. त्या आल्या आणि टाळ अर्ध्या मात्रेने मागे पडला, तर मी पेटी थांबवीन आणि आपण सगळ्याजणी पहिल्यापासून सुरू करू. हेझलमिअरला असेच करीत असत.